हट्टी कुत्र्याची शाळा

कुत्र्याचे शेपूट कितीही दिवस नळीत घातले, तरी वाकडे ते वाकडेच, अशी एक म्हण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मूळ स्वभाव पालटत नाही, हा तिचा आशय. वस्तुतः ही म्हण माणसांना उद्देशून वापरली जाते. कुत्र्याला तिच्यात केवळ साक्षीला बोलावलेले असते. उलट इमानाला उपमा शोधावयाची वेळ आली, की याच भाषेला प्रथम कुत्रा आठवतो. सोबतच्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे धर्मराजाने नाकारले, ही महाभारतातील कथा तर घरोघरी ठाऊक आहे. एकाच प्राण्याविषयी समाजाच्या मनात असे दोन ग्रह नांदतात: तो अत्यंत इमानी आहे आणि तो कधीही सुधारणारा नाही. कुत्रा पाळणारी अनेक कुटुंबे पहिल्या ग्रहाच्या भरात पिल्लू घरी आणतात आणि दुसऱ्या ग्रहाच्या भरात त्याला साखळीला बांधून ठेवतात. या दोहोंच्या मधे जी गोष्ट करावयाची असते, ती राहून जाते. ती गोष्ट म्हणजे शिक्षण.

हे शिक्षण सर्वच कुत्र्यांच्या बाबतीत सारखे सोपे नसते. काही जाती स्वभावतः नरम असतात; मालकाच्या मुद्रेकडे पाहूनच त्या वागतात. काही जाती मात्र हट्टी आणि अंगात वारे शिरल्यासारख्या चंचल असतात. इंग्लंडमधील टेरियर जातीचे कुत्रे या दुसऱ्या वर्गात अग्रभागी शोभतील असे आहेत. त्यांचा हट्ट कोठून आला आणि त्याला वळण कसे लावावे, याचा विचार केला असता कुत्र्यांविषयी तर बरेच कळतेच. पण ‘शिस्त’ या शब्दाच्या अर्थावरही काही प्रकाश पडतो.

टेरियरची एक प्रतिमा महाराष्ट्राला फार पूर्वीपासून परिचित आहे. ज्या काळी घराघरांत ध्वनिमुद्रिकांवर नाट्यगीते ऐकली जात, त्या काळी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नावाच्या तबकडीवर ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला एक पांढरा कुत्रा दिसे. त्याचे नाव निपर. तो टेरियर वंशाचा, बहुधा संमिश्र रक्ताचा होता. १८८४ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी त्याचा जन्म झाला आणि १८९५ मध्ये तो मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर चित्रकार फ्रान्सिस बॅरो याने रंगविलेले त्याचे चित्र १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने विकत घेतले, आणि धन्याचा आवाज एकाग्रतेने ऐकणारा कुत्रा म्हणून निपर जगभर अमर झाला. गंमत अशी, की येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांना हळूच दात लावण्याच्या खोडीवरूनच त्याला ते नाव मिळाले होते. आज्ञाधारकतेचे जगप्रसिद्ध चित्र ज्याचे, तो स्वतः मोठा खोडकर होता! चित्र आणि चरित्र यांमधील हे अंतर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण पुष्कळ कुटुंबे चित्र पाहून कुत्रा आणतात आणि त्यांच्या वाट्याला चरित्र येते.

ते चरित्र समजून घ्यावयाचे, तर टेरियरचे मूळ काम पाहिले पाहिजे. ‘टेरियर’ हा शब्दच भूमी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे. जमिनीच्या पोटात शिरून काम करणारा तो टेरियर. इंग्लंडात कोल्ह्याची शिकार चाले, तेव्हा मोठ्या कुत्र्यांचा कळप कोल्ह्याचा पाठलाग करी आणि घोडेस्वार त्यामागे दौडत. कोल्हा बिळात शिरला, की मोठे कुत्रे निरुपयोगी ठरत. मग लहान चणीच्या टेरियरला बिळात सोडीत. जॉन रसेल नावाचे एक पाद्री या शिकारीचे मोठे शौकीन होते. १७९५ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे डेव्हन परगण्यात धर्मोपदेशकाचे काम केलेल्या या गृहस्थांनी १८१९ मध्ये, ऑक्सफर्ड येथे विद्यार्थी असताना, एका दूधवाल्याजवळची ‘ट्रंप’ नावाची कुत्री विकत घेतली. अंग पांढरे, डोळ्यांवर आणि कानांवर तांबूस ठिपके, असे तिचे रूप होते. तिच्यापासून रसेल यांनी जी परंपरा वाढविली, तीच पुढे ‘जॅक रसेल टेरियर’ या नावाने प्रसिद्धीस आली. या कुत्र्याची उंची पाऊण ते एक फुटाच्या घरात, वजन पाच-सहा किलो, आणि छाती इतकी लहान, की दोन्ही हातांच्या पंजांत ती सहज मावते. बिळात शिरावयाचे, तर अंग असेच हवे.

परंतु अंगापेक्षा मनाची घडण अधिक महत्त्वाची होती. कल्पना करावी, की जमिनीखाली काळोख आहे, समोर दात विचकलेला कोल्हा आहे आणि धनी पाच हात वर, मातीच्या पलीकडे उभा आहे. तेथे त्याची आज्ञा पोहोचत नाही. पुढे जावे की थांबावे, हे कुत्र्याने स्वतःच ठरवावयाचे असते. जो प्रत्येक वेळी मागे वळून धन्याकडे पाहील, तो त्या कामाला नालायक. शिवाय त्याने सतत भुंकत राहिले पाहिजे, म्हणजे तो कोठे आहे हे वरच्या माणसांना कळेल. माती उकरीत वाट काढली पाहिजे. हलणारी वस्तू दिसताच तिच्यामागे धावले पाहिजे. आणि इजा झाली तरी मागे हटता कामा नये. स्वतःचा निर्णय, भुंकणे, उकरणे, धावणे आणि माघार न घेणे या पाच गुणांसाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. ज्या कुत्र्यात हे गुण अधिक, त्याची संतती वाढविली. ज्यात कमी, त्याला बाजूला सारले. म्हणजे टेरियरचा हट्ट हा त्याने स्वतः होऊन जोडलेला अवगुण नव्हे. तो माणसानेच मागून घेतलेला, पारखून वाढविलेला आणि शाबासकी देऊन पक्का केलेला गुण आहे.

हा नियम केवळ टेरियरलाच लागू आहे असे नाही. दख्खनच्या माळरानावर सशामागे धावण्यासाठी जोपासलेले मुधोळचे शिकारी कुत्रे घ्या, की मेंढरांच्या राखणीसाठी धनगरांनी सांभाळलेले कुत्रे घ्या. प्रत्येकाच्या स्वभावात त्याच्या कामाची खूण उमटलेली असते. मात्र काळ बदलतो तशी कामे संपतात. इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी करावयाच्या शिकारीवर २००४ च्या कायद्याने बहुतांशी बंदी आली. त्याच्याही कितीतरी आधीपासून टेरियर शेतातून शहरात आणि तबेल्यातून दिवाणखान्यात येऊन पोहोचला होता. काम गेले, पण कामासाठी दिलेला स्वभाव मागे उरला. बिळाऐवजी आता त्याच्यासमोर गादी असते; मग तो गादी उकरतो. कोल्ह्याऐवजी सायकलवरून जाणारा मुलगा असतो. मग तो त्याच्यामागे धावतो. दारावरच्या घंटीचा आवाज होतो. मग तो घर डोक्यावर घेतो. कुटुंब म्हणते, ‘कुत्रा बिघडला.’ खरे पाहता तो बिघडलेला नसतो. तो बेकार झालेला असतो. रिकाम्या हातांना नसते उद्योग सुचतात, हा अनुभव माणसांच्या बाबतीत ज्यांना आहे, त्यांना कुत्र्याच्या बाबतीत त्याचे नवल वाटू नये.

असा कुत्रा मंदबुद्धी असतो काय? ज्या ब्रिस्टल शहरात निपर जन्मला, त्याच शहरात लॉइड मॉर्गन नावाचे एक प्राध्यापक प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास करीत होते. त्यांच्या घरी टोनी नावाचा एक फॉक्स टेरियर होता. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याची हकीकत दिली आहे. घरासमोरच्या लोखंडी फाटकाची खिटी खालून उचलली, की फाटक आपोआप उघडे. टोनीला रस्त्यावर जाण्याची अनावर ओढ. तो गजांतून डोके घालून बाहेर पाहत राही. कधी या गजांतून, कधी त्या गजांतून. एकदा त्याचे डोके योगायोगाने खिटीखाली आले, मान वर करताच खिटी उचलली गेली आणि फाटक उघडले. पुढे हळूहळू इतर ठिकाणी डोके घालणे कमी होत गेले; आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो नेमका खिटीपाशी जाऊन एका झटक्यात फाटक उघडू लागला. टोनीने विचार करून युक्ती शोधली, असे पाहणाऱ्याला वाटले असते. परंतु मॉर्गन यांनी आरंभापासून पाहिले असल्यामुळे त्यांना खरा प्रकार कळला होता. ज्या कृतीने इच्छिलेले मिळाले, ती कृती राहिली; बाकीच्या गळून पडल्या.

या छोट्याशा हकीकतीत कुत्र्याच्या शिक्षणाचे सारे मर्म साठविलेले आहे. कुत्रा शिकत नाही, ही तक्रार खोटी आहे. तो अहोरात्र शिकत असतो; त्याला काय शिकविले जात आहे, याचे भान मात्र घरच्यांना नसते. जेवणाच्या वेळी तो भुंकतो आणि ‘गप्प बस एकदाचा’ असे म्हणून कोणी तरी त्याच्यापुढे पोळीचा तुकडा टाकते. तुकडा टाकणाऱ्याला वाटते, आपण त्याला गप्प केले. कुत्रा मात्र शिकतो, की भुंकले म्हणजे पोळी मिळते. तो अंगावर उड्या मारतो तेव्हा लहान मुले खिदळतात आणि तो शांत बसतो तेव्हा त्याच्याकडे कोणीही पाहत नाही. तो शिकतो, की उडी मारणे हेच लक्ष वेधून घेण्याचे साधन आहे. टोनीला फाटकाने शिकविले. या कुत्र्याला घर शिकवीत असते. अशा घरात कुत्र्याला हट्टी म्हणणे, म्हणजे धडा देऊन तो पाठ झाल्याबद्दल विद्यार्थ्याला रागे भरण्यासारखे आहे.

येथे एक जुने मत पुढे येते आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. धाक असल्याखेरीज शिस्त नाही, असे मानणारे वडीलधारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंशच नाही, असे म्हणता येणार नाही. काठी उगारताच कुत्रा दबतो, हे खरेच आहे. पण दबणे आणि समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरी कोणी नसताना चप्पल फाडली गेली. संध्याकाळी घरधनी परतला. त्याने फाटकी चप्पल पाहून कुत्र्याला झोडपले. कुत्र्याने कान पाडले, शेपूट पायांत घातले, नजर चुकविली. ‘पाहा, त्याला गुन्हा कळतो आहे,’ असे घरधनी म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच समजुतीची परीक्षा घेतली. ज्या कुत्र्याने काहीच आगळीक केली नव्हती, त्यालाही मालकाने रागे भरले, की तो तसाच ‘अपराधी’ दिसे. म्हणजे ती मुद्रा गुन्ह्याच्या जाणिवेची नसून समोरच्या क्रोधाला दिलेले ते उत्तर असते. दुपारी फाडलेल्या चपलेचा आणि संध्याकाळी बसलेल्या माराचा संबंध कुत्र्याच्या मनात जुळत नाही. त्याच्या मनात जुळतो तो एवढाच संबंध, की धनी घरी आला म्हणजे मार बसतो.

पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकविताना दटावणे, हिसके देणे अशा उपायांचा अवलंब करणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये, बक्षीस देऊन शिकविणाऱ्या शाळांतील कुत्र्यांपेक्षा, मनावरील ताणाची लक्षणे अधिक आढळली. टेरियरच्या बाबतीत तर माराचा आणखी एक तोटा आहे. ज्या प्राण्याला माघार न घेण्यासाठीच वाढविले, त्याच्यावर काठी उगारणे म्हणजे त्याला त्याच्या आवडत्या लढाईचे आमंत्रण देणे होय. नरम कुत्रा माराने भित्रा होतो. हट्टी कुत्रा माराने चावरा होतो. शिवाय मार खाल्लेला कुत्रा पुष्कळदा गुरगुरणे सोडतो, पण राग सोडीत नाही. आणि मग एके दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता दात लावतो. गुरगुरणे ही धोक्याची घंटा आहे. घंटा फोडल्याने आग विझत नाही.

भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. प्राणिमात्रात ईश्वर पाहणारी ती दृष्टी थोरांची; संसारी माणसाला ती साधेलच असे नाही, आणि चोरलेल्या भाकरीवर तूप वाढणे हा शिक्षणाचा मार्गही नव्हे. परंतु कुत्रा दिसताच ज्या हाताला प्रथम काठी आठवते, त्या हाताला ती कथा क्षणभर थांबविते, हेही थोडे नाही. त्या थांबलेल्या क्षणातच शिक्षकाचे काम सुरू होते.

ते काम कसे करावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात प्राण्यांना शिकविण्याविषयी एक लेख लिहिला. त्याचे सार साधे आहे. हवी ती कृती घडताच, तत्क्षणी, बक्षीस मिळाले पाहिजे. हातातील खाऊ तोंडापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून दाबताच टिक् असा आवाज करणारे एखादे लहान खेळणे घ्यावे आणि ‘टिक् झाले की खाऊ मिळतो’ एवढे कुत्र्याला आधी शिकवावे. मग योग्य कृती होताच तो आवाज करावा. खेळणे नसेल, तर ‘शाबास’ हा एक ठरलेला शब्दही ते काम करू शकतो. मुद्दा क्षणाचा आहे. दोन-चार क्षण उशिरा दिलेले बक्षीस दुसऱ्याच कोणत्या तरी कृतीला जाऊन चिकटते.

उदाहरणार्थ, हाक मारताच जवळ येणे हा धडा घ्यावा. प्रथम घरातल्या घरात, दोन पावलांवरून ‘ये’ म्हणावे आणि तो येताच हरभऱ्याएवढा खाऊ द्यावा. मग चार पावलांवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून आणि शेवटी लांब दोरी बांधून मैदानात हाच धडा गिरवावा. एका वेळी तीन-चार मिनिटांहून अधिक शिकवू नये. दिवसातून पाच-सहा वेळा शिकवावे. चंचल विद्यार्थ्याला लांबलचक तास सोसत नाही. आणि एक पथ्य कधीही मोडू नये: हाकेला ओ देऊन आलेल्या कुत्र्याला, तो कितीही उशिरा आलेला असो, शिक्षा करू नये. उशिरा येण्याबद्दल मार बसला, तर पुढच्या वेळी तो उशिराही येणार नाही.

याहून कठीण असा दुसरा धडा घरच्या माणसांसाठी आहे. आई ‘बस’ म्हणते, ताई ‘खाली’ म्हणते, आजोबा ‘गप राहा’ म्हणतात, आणि तिघांनाही एकच कृती हवी असते. वडील पलंगावर चढू देत नाहीत. ते कचेरीत गेले, की धाकटा मुलगा कुत्र्याला पांघरुणात घेऊन झोपतो. नरम कुत्रा अशा गोंधळातही कसाबसा वाट काढतो. टेरियर त्या गोंधळाचा पुरेपूर लाभ उठवितो. यासाठी पिल्लू घरी येण्यापूर्वीच कुटुंबाने एकत्र बसून शब्द आणि नियम ठरवावेत व ते सर्वांनी, पाहुण्यांनीसुद्धा, पाळावेत. किंबहुना कुत्र्याच्या शिस्तीचा पहिला पाठ माणसांनीच गिरवावयाचा असतो, असे म्हटले तरी चालेल.

तिसरी गोष्ट कामाची. जो स्वभाव नाहीसा करता येत नाही, त्याला वाट काढून द्यावी. उकरण्याची हौस असेल, तर अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून तेथे त्याचे खेळणे पुरून ठेवावे; अंगण नसेल, तर जुन्या कापडाच्या चिंध्यांनी भरलेल्या खोक्यात खाऊ लपवावा. वास घेण्याची हौस असेल, तर चार वाट्या पालथ्या घालून एकीखाली तुकडा ठेवावा व तो त्याला हुडकू द्यावा. सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास त्याला मोकळ्या हवेत चालवावे, पळवावे. धावून दमलेला आणि डोके चालवून तृप्त झालेला टेरियर घरी येऊन असा मुकाट झोपतो, की हाच का तो उपद्व्यापी प्राणी, असा प्रश्न पडावा.

खाऊ देऊन शिकविणे म्हणजे लाच देणे, असा आक्षेप कोणी घेईल. लाच कृतीच्या आधी दाखविली जाते. मोबदला कृतीनंतर मिळतो. मजुराला दिवसाची मजुरी दिली, तर त्याला कोणी लाच म्हणत नाही. सवय पक्की झाली, की खाऊ प्रत्येक वेळी देण्याचे कारण उरत नाही. कधी खाऊ, कधी चेंडू, कधी पाठीवर थाप, एवढे पुरते. आणि न मारणे म्हणजे लाडावणे, हीही एक चुकीची समजूत आहे. उडी मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ फिरविणे, भुंकून मागितलेला तुकडा कधीही न देणे, हे नियम मारापेक्षा सौम्य दिसतात, पण पाळावयास कितीतरी अवघड आहेत. कारण मारण्यास एक क्षणाचा राग पुरतो, तर नियमाला रोजचा संयम लागतो.

वयाचाही विचार केला पाहिजे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पाच जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पाचांत फॉक्स टेरियर ही एक जात होती. पिल्लांच्या वयाचा तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसांशी नाते जुळण्यास फार महत्त्वाचा असतो, असे त्यांना आढळले. त्यांच्याकडील फॉक्स टेरियरची पिल्ले तर इतकी भांडकुदळ निघाली, की एका पिल्लावर बाकीची तुटून पडत आणि त्यांना वेगळे करावे लागे. अशा जातीच्या पिल्लाला लहानपणीच निरनिराळी माणसे, आवाज आणि इतर प्राणी यांची ओळख सौम्यपणे करून द्यावी. मोठा झालेला कुत्रा शिकतच नाही असे नाही. त्याला वेळ अधिक लागतो, इतकेच. तसेच, कुत्रा कितीही शिकलेला असला तरी तान्ह्या मुलाजवळ त्याला एकटे सोडू नये. आणि मुलांनीही जेवत्या वा झोपलेल्या कुत्र्याला डिवचू नये. शिस्त दोन्ही बाजूंनी असली तरच ती टिकते.

इतके करूनही काही गोष्टी बदलणार नाहीत, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. खार दिसताच टेरियरचे कान टवकारणारच. म्हणून रहदारीच्या रस्त्यावर त्याच्या गळ्यातील दोरी सुटता कामा नये. त्याला दिवसचे दिवस एकटे ठेवले, तर तो घराची नासधूस करणारच. ज्या कुटुंबाला रोजचे दोन तास देणे शक्य नाही, त्याने असा कुत्रा न पाळणे हीच त्याच्यावरची खरी दया होय. कुत्र्याचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांचे असते. पिल्लाच्या गोजिरवाण्या रूपाचे दिवस मात्र पाच-सहा महिन्यांचेच असतात. त्या पाच-सहा महिन्यांच्या मोहात घेतलेले पिल्लू पुढे गच्चीवर बांधून ठेवले जाते किंवा एखाद्या रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिले जाते. ज्याला घराचा रस्ता कळत नाही आणि रस्त्यावरचे जगणे ठाऊक नाही, त्या जीवाची पुढची गत काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतात या बाबतीत कायद्यानेही आपला शब्द दिलेला आहे. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून जी चळवळ उभी राहिली, तिची परिणती १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात झाली. सदैव साखळीला बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि सबळ कारणावाचून पाळीव प्राण्याला टाकून देणे, या दोन्ही गोष्टी त्या कायद्याने अपराध ठरविल्या आहेत. तथापि कायदा दारापर्यंतच पोहोचतो. दाराच्या आत काय घडते, ते घरातल्या माणसांच्या मनावर अवलंबून असते. आणि घरातील लहान मुले ते रोज पाहत असतात. आपल्याहून दुबळा असलेला जीव ऐकत नाही तेव्हा मोठी माणसे काय करतात, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर पाठ होतो. ज्या घरी कुत्र्यावर काठी चालते, तेथील मुलगा बळ वापरण्यास शिकतो. ज्या घरी कुत्र्याला धीराने समजाविले जाते, तेथील मुलगा धीर धरण्यास शिकतो. एका पिल्लाच्या शाळेत अशा रीतीने सारे कुटुंबच विद्यार्थी होऊन बसलेले असते.

म्हणून त्या जुन्या म्हणीकडे पुन्हा एकवार पाहावेसे वाटते. शेपूट वाकडेच राहते, हे तिचे म्हणणे खोटे नाही. पण शेपूट सरळ करण्याची गरज कोणाला पडली होती? ते वाकडे असले तरी आनंदाने हलू शकते. शिक्षणाने स्वभाव पुसून टाकावयाचा नसतो; त्यातील बळ ओळखून त्याला योग्य वाट दाखवावयाची असते. जो कुत्रा बिळाच्या काळोखात एकट्याने निर्णय घेऊ शकत होता, तोच स्वतःच्या खुशीने धावणे सोडून हाकेला वळतो, तेव्हा त्या वळण्याला मोल असते; कारण त्याच्यापाशी न वळण्याचेही बळ होते. नळीत घालून सरळ केलेल्या शेपटापेक्षा असा एक वळलेला हट्टी जीव अधिक मोलाचा. मात्र त्याला हाक मारण्यापूर्वी, आपली हाक ऐकण्याजोगी आहे काय, हे हाक मारणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे.